परतावा, कर्ज आणि श्रेणी : मराठी चित्रपटाला मिळालेल्या सार्वजनिक पैशाचा समीक्षात्मक अर्थ

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे हेच गाव सेवाग्राम झाले. त्याच १९३६ साली मध्य प्रांतात करमणूक कराचा कायदा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही वर्ध्यात बसून मराठी चित्रपट आणि शासन यांच्या नात्याचा विचार करू लागले की त्या शेजारी शेजारी येऊन उभ्या राहतात. चित्रपटाच्या हिताविषयी मूलभूत शंका घेणारा माणूस ज्या वर्षी या जिल्ह्यात स्थिरावला, त्याच वर्षी चित्रपट पाहणाऱ्याकडून पैसा घेण्याची रीतसर तरतूद या प्रांतात झाली. शासनाला चित्रपटाविषयी काय वाटते हे ठरण्याच्या कितीतरी आधी चित्रपटापासून काय मिळते हे ठरलेले होते. मुंबई इलाख्यात तर असा कायदा १९२३ पासूनच होता.

चित्रपटाला मिळालेल्या सार्वजनिक पैशाचा इतिहास आपल्याकडे सहसा अर्थकारणाचा किंवा प्रशासनाचा विषय मानला जातो. साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात त्याचा विचार का करावा, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर असे की, पैसा देण्याच्या प्रत्येक रीतीमध्ये कलाकृतीविषयीची एक धारणा गृहीत धरलेली असते. कोणती कृती साहाय्यास पात्र, हे ठरवताना शासन समीक्षकाची भूमिका घेते. मग ते तिकीटखिडकीवरील जमेला निकष मानो, लिखित संहितेला मानो किंवा पूर्ण झालेल्या कृतीवरील परीक्षकांच्या मताला मानो. अनुदानाचा इतिहास हा या अर्थाने न लिहिल्या गेलेल्या समीक्षेचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात त्याची एक मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

१

सुरुवात अर्थातच खासगी पैशाने झाली. १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके यांनी आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज उभारले आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. या हकिकतीकडे आपण त्यागकथा म्हणून पाहतो. परंतु भांडवलाचा कोणताही सामाजिक स्रोत उपलब्ध नसलेल्या कलेची ती अवस्था होती, हे आपण विसरतो. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातून लिहिलेल्या लेखमालेत फाळके यांनी आपल्या धंद्याची कहाणी वाचकांपुढे ठेवली, तीही भांडवलाच्या विवंचनेतूनच. मराठीतील पहिले महत्त्वाचे चित्रपटविषयक लेखन अशा रीतीने पैशाच्या गरजेतून जन्मले, ही गोष्ट आपल्या चित्रपटसमीक्षेने अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी होती.

सार्वजनिक पैशाचा प्रश्न प्रथम व्यवस्थितपणे पुढे आला तो १९२७-२८ च्या भारतीय चित्रपट चौकशी समितीमुळे. टी. रंगाचारी हे तिचे अध्यक्ष होते. ब्रिटनने १९२७ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत ब्रिटिश चित्रपटांसाठी राखीव वाटा ठेवणारा कायदा केला होता. साम्राज्यातील चित्रपटांना हिंदुस्थानात प्राधान्य द्यावे, असे वारे तेव्हा वाहत होते. समितीने ती दिशा नाकारली आणि देशी निर्मितीला शासनाने साहाय्य करावे, असा विचार मांडला. त्यात निर्मात्यांना कर्ज देण्याची कल्पनाही होती. फाळके यांची साक्ष या समितीने नोंदवली. गांधीजींनाही तिची प्रश्नावली गेली. आपण चित्रपट कधी पाहिलेलाच नाही, मात्र त्याने होणारी हानी बाहेरच्या माणसालाही दिसते आणि त्याचा काही लाभ असलाच तर तो अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठवले. एकाच समितीपुढे आलेल्या या दोन प्रतिसादांत पुढील साऱ्या वादाची दोन टोके सापडतात. चित्रपट हा उद्योग आहे, म्हणून त्याला साहाय्य द्या, हे एक. चित्रपट हा नैतिक धोका आहे, म्हणून त्याला आवरा, हे दुसरे. चित्रपट ही कला आहे, असे म्हणणारे तिसरे टोक अजून शासकीय कागदावर उमटावयाचे होते. समितीच्या शिफारशी कागदावरच राहिल्या. कर आणि परीक्षण मात्र चालू राहिले.

२

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नवी चौकशी समिती नेमली गेली आणि १९५१ मध्ये तिचा अहवाल आला. वित्त महामंडळ आणि प्रशिक्षण संस्था यांसारख्या ज्या गोष्टी पुढील दोन दशकांत घडल्या, त्यांची बीजे या अहवालात आहेत. १९५४ मध्ये चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिके देण्यास प्रारंभ झाला आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेल्या मराठी चित्रपटाने या परंपरेचा आरंभ व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. शासनाने चित्रपटाला प्रथम मान्यता दिली ती साहित्यकृतीच्या आणि संस्कारांच्या आधाराने. पदकामागे धारणा होती ती सुसंस्कृत आशयाची. रूपाचा विचार अजून दूर होता.

येथे एक घटनात्मक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावयास हवी, कारण पुढील सारा गुंता तिच्यातून निर्माण झाला. चित्रपटाचे परीक्षण हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय, तर करमणूक कर हा राज्यांच्या सूचीतील विषय. म्हणजे चित्रपटाच्या आशयाबद्दल बोलण्याचा अधिकार एकाकडे आणि चित्रपटातून येणारा पैसा दुसऱ्याकडे. साहाय्याच्या योजनाही याच फाळणीनुसार दोन वेगळ्या वाटांनी गेल्या.

केंद्राने १९६० मध्ये चित्रपट वित्त महामंडळ स्थापन केले. त्याची रीत कर्जाची होती. साठीच्या अखेरीस बी. के. करंजिया यांच्या कारकिर्दीत महामंडळाने कमी खर्चाच्या, प्रयोगशील चित्रपटांकडे मोहरा वळवला आणि मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९), मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ यांसारखे चित्रपट त्यातून उभे राहिले. कर्ज द्यावयाचे तर कृती अस्तित्वात येण्यापूर्वी निर्णय करावा लागतो. तो निर्णय संहिता वाचून होतो. त्यामुळे कर्जाच्या या रीतीत शासन प्रथम वाचक झाले. परंतु कर्ज हे शेवटी कर्जच. त्याच्या वसुलीचा हिशेब मागितला जाणारच. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रमविषयक समितीने महामंडळाच्या या धोरणावर टीका केली. कलाकृती म्हणून केलेली निवड आणि परतफेड म्हणून केलेली मोजणी यांतील विसंगती त्या टीकेने उघड केली. १९८० मध्ये या महामंडळाच्या जागी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ उभे राहिले. ‘एक होता विदूषक’ (१९९२) आणि ‘दोघी’ (१९९५) हे मराठी चित्रपट त्याच्या साहाय्याने झाले.

महाराष्ट्राची वाट वेगळी होती. १९७५ मध्ये राज्याने करमणूक कर परताव्याची योजना आणली. मराठी चित्रपटाच्या प्रदर्शनातून जमा झालेल्या करातील रक्कम त्याच्या निर्मात्याला परत मिळावयाची, मात्र त्याने पुढचा मराठी चित्रपट केला तर. या अटीत योजनेचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. शासन येथे संहिता वाचत नाही आणि चित्रपटाविषयी मतही देत नाही. ते प्रेक्षकाचा कौल नोंदवते आणि त्या प्रमाणात पैसा परत करते. ज्याने अधिक तिकिटे विकली त्याला अधिक परतावा. समीक्षेच्या भाषेत बोलावयाचे तर हा लोकप्रियतेचा निकष आहे आणि तोही निखळ संख्यात्मक.

ही योजना आली तेव्हा दादा कोंडके यांच्या चित्रपटांचा मोठा बहर होता. ‘सोंगाड्या’ १९७१ चा, ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. वगाच्या आणि तमाशाच्या मौखिक परंपरेतून आलेली ती भाषा, तिचा द्व्यर्थ, तिचा ग्रामीण प्रेक्षकाशी असलेला थेट संवाद यांना नागर समीक्षेने दीर्घकाळ नाक मुरडले. परताव्याच्या योजनेने नाक मुरडले नाही. हा तिचा गुण मानला पाहिजे. ज्या प्रेक्षकाची अभिरुची समीक्षेने विचारात घेतली नाही, त्याच्या रुपयाला या योजनेने मत मानले. मराठी निर्मितीचे चक्र सुरू राहण्यास त्यामुळे हातभार लागला, हेही नाकारता येत नाही. परंतु पहिला चित्रपट करणाऱ्याला, अपयशी ठरलेल्याला आणि थोड्या प्रेक्षकांसाठी काही वेगळे करू पाहणाऱ्याला या रचनेत जागा नव्हती. जे आधीच चालले त्याला चालते ठेवणे, एवढीच तिची मर्यादित प्रतिज्ञा होती.

३

या ठिकाणी युरोपीय अनुभवाशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. फ्रान्समध्ये १९४६ मध्ये राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झाले आणि १९४८ च्या कायद्याने तिकिटावर एक जादा कर बसवून त्यातून निर्मितीसाठी निधी उभारण्यात आला. हा निधी निर्मात्याच्या आधीच्या चित्रपटाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात, पुढच्या चित्रपटासाठी मिळे. आपल्या १९७५ च्या योजनेचे याच्याशी असलेले साम्य स्पष्ट आहे. ब्रिटनमध्येही १९५० पासून तिकिटांवरील आकारणीतून निधी जमवून तो उत्पन्नाच्या प्रमाणात निर्मात्यांना वाटण्याची पद्धत होती. ती १९८५ मध्ये संपली. परंतु फ्रान्स तेथे थांबले नाही. १९५९ मध्ये, आंद्रे माल्रो सांस्कृतिक खात्याचे मंत्री असताना, संहिता पाहून भावी उत्पन्नावर उचल देण्याची दुसरी पद्धत सुरू झाली. या निवडीसाठी समिती असे. म्हणजे एकाच तिकिटाच्या पैशातून दोन प्रवाह निघाले. एक आपोआप वाहणारा, प्रेक्षकाच्या कौलाप्रमाणे. दुसरा निवडीचा, समितीच्या वाचनाप्रमाणे. लोकप्रिय चित्रपट पाहणारा प्रेक्षक नकळत प्रयोगशील चित्रपटाचाही आश्रयदाता झाला. स्वीडनने १९६३ मध्ये करमणूक कर रद्द करून त्याच्या बदल्यात तिकिटाच्या दहा टक्के रक्कम नव्या चित्रपटसंस्थेकडे वळवली. तेथेही हेच सूत्र होते.

आपल्याकडे हे दोन्ही प्रवाह होते, ही बाब सहसा ध्यानात येत नाही. निवडीचा प्रवाह केंद्राच्या महामंडळाकडे होता आणि आपोआप वाहणारा प्रवाह राज्याच्या परताव्यात होता. पण त्यांचे पाणी एकमेकांत कधी मिसळले नाही. राज्याकडे तिकिटाचा पैसा होता, पण वाचक म्हणून भूमिका नव्हती. केंद्राकडे वाचक म्हणून भूमिका होती, पण तिकिटाचा पैसा नव्हता, म्हणून त्याला कर्जाच्या वसुलीची चिंता वाहावी लागली. लोकप्रिय आणि प्रयोगशील अशी जी दुफळी आपण मराठी चित्रपटाच्या अभिरुचीत पाहतो आणि जिचे स्पष्टीकरण प्रेक्षकाच्या जडणघडणीत शोधतो, तिची काही मुळे या प्रशासकीय दुफळीत आहेत, असे मला वाटते. सौंदर्यशास्त्रीय म्हणून मांडलेला भेद कधीकधी खातेवहीतून आलेला असतो.

४

परताव्याची जागा पुढे थेट अनुदानाने घेतली आणि त्यातून श्रेणीची पद्धत आली. पूर्ण झालेला चित्रपट परीक्षण समितीने पाहावयाचा, त्याला ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा द्यावयाचा आणि त्यानुसार रक्कम ठरावयाची. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये, हे या पद्धतीतील परिचित आकडे आहेत. नवागताला आणि प्रयोगशील दिग्दर्शकाला परताव्यापेक्षा ही पद्धत निश्चितच अनुकूल आहे. दोन हजारनंतर मराठी चित्रपटात आशयाचे जे वैविध्य आले, त्याच्या पार्श्वभूमीला हे साहाय्यही आहे.

तथापि समीक्षेच्या दृष्टीने येथे एक नवा प्रश्न उभा राहतो. तिकीटखिडकीचा कौल आकड्यात असतो. त्याला कारणे देण्याची गरज नसते. समितीचा कौल मात्र मूल्यनिर्णय आहे आणि मूल्यनिर्णयाला कारणमीमांसा नसेल तर तो समीक्षा न राहता केवळ अधिकार होतो. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन अक्षरांमध्ये दहा लाख रुपयांचे अंतर आहे. त्या अंतरामागे कलाकृतीविषयी कोणता विचार आहे, याची चर्चा आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत क्वचितच झाली. ‘दर्जेदार’ हा शब्द शासकीय निर्णयात येतो तेव्हा तो पारिभाषिक होतो. त्याची व्याख्या करणे हे ज्यांचे काम, ते आपण अभ्यासक मात्र त्या शब्दाकडे प्रशासनाचा शब्द म्हणून दुर्लक्ष करतो.

साहित्याच्या क्षेत्रात असे झालेले नाही. १९६० मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून लेखक आणि शासन यांच्या नात्याचा वाद मराठीत सतत चालू राहिला. १९७५ च्या कराड संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीच्या छायेत लेखकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उभा केला. वर्ध्याने १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या आणि २०२३ मध्ये नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन पाहिले आहे. संमेलनाला शासनाचे साहाय्य घ्यावे की नाही, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. मात्र ज्या १९७५ साली कराडला हा वाद पेटला, त्याच साली आलेल्या चित्रपटाच्या परताव्याला या वादात स्थान मिळाले नाही. चित्रपटाला दिलेला पैसा हा धंद्याला दिलेला पैसा आणि साहित्याला दिलेला पैसा हा विचाराला दिलेला पैसा, असे आपण मनोमन मानले. चित्रपटाविषयीच्या आपल्या अनास्थेचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

५

सार्वजनिक पैशाने घडवलेल्या दोन चरित्रपटांचा उल्लेख केल्यावाचून विदर्भातून लिहिलेला हा लेख अपुरा राहील. रिचर्ड अटेनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा मोठा आर्थिक वाटा होता. देशातील दिग्दर्शक तुटपुंज्या कर्जासाठी झगडत असताना सार्वजनिक पैसा परदेशी दिग्दर्शकाच्या चित्रपटात गुंतवला जावा, याला त्या काळी आक्षेप घेतले गेले. चित्रपट यशस्वी झाला, त्याला आठ ऑस्कर मिळाली आणि महामंडळाला उत्पन्नही झाले. व्यवहाराच्या हिशेबाने वाद तेथे संपतो. अर्थाच्या हिशेबाने तो तेथे सुरू होतो. ज्याने चित्रपटाचा लाभ अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे असे कळवले होते, त्याच्याच जीवनाची सार्वजनिक पैशातून निघालेली सर्वांत गाजलेली संहिता इंग्रजीत लिहिली गेली. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) हा चित्रपट केंद्र आणि महाराष्ट्र शासन यांच्या पैशातून झाला. तोही मुळात इंग्रजीत. ज्या प्रदेशात सेवाग्राम आणि दीक्षाभूमी यांमध्ये जेमतेम ऐंशी किलोमीटरचे अंतर आहे, त्या प्रदेशाच्या भाषेला या दोन्ही कथनांत मूळ संहितेचे स्थान मिळाले नाही.

याच्या उलट उदाहरण २०१४ चे आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाला संहितेच्या टप्प्यावर रॉटरडॅम महोत्सवाच्या हुबर्ट बाल्स निधीचे साहाय्य मिळाले. या निधीत नेदरलँड्समधील सार्वजनिक पैशाचाही वाटा राहिला आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांची मध्यवर्ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. १९८२ मध्ये भारताचा सार्वजनिक पैसा ब्रिटिश दिग्दर्शकाकडे गेला आणि तीन दशकांनी युरोपातील निधी मराठी शाहिराच्या कथेकडे आला. पहिल्या वेळी यशाची खात्री असलेल्या नावाला पैसा मिळाला, दुसऱ्या वेळी पहिलाच दीर्घ चित्रपट करणाऱ्या तरुणाच्या कागदावरील संहितेला. कोणीतरी ती संहिता वाचली आणि वाचनावर विश्वास ठेवला, हा यातला महत्त्वाचा भाग. मराठी संहितेला तिचा प्रारंभीचा वाचक रॉटरडॅममध्ये मिळावा आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी वाचन नव्हे, तर चित्रपट पूर्ण झाल्यानंतरची श्रेणी असावी, ही परिस्थिती समीक्षेला अस्वस्थ करणारी आहे.

६

१ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. १९३६ मध्ये या प्रांतात सुरू झालेले एक प्रकरण अशा रीतीने संपले. त्यासोबत तिकीट आणि साहाय्य यांच्यातील उरलासुरला धागाही तुटला. आता चित्रपटाला मिळणारा पैसा हा सर्वसाधारण तिजोरीतून येतो. म्हणजे चित्रपट न पाहणारा नागरिकही त्याचा आश्रयदाता आहे. मग निवडीची कारणे नागरिकांपुढे मांडण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

या साऱ्या इतिहासात एक घटक सतत गृहीत धरला गेला, तो म्हणजे चित्रपट जेथे पाहिला जातो ती जागा. मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती चित्रपटगृहांवर वेळोवेळी केली गेली. २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांतील मोक्याच्या वेळेबाबत झालेला वाद सर्वांना आठवत असेल. युरोपात १९९२ पासून आपल्या भाषांतले चित्रपट दाखवणाऱ्या चित्रपटगृहांच्या जाळ्याला निधी मिळतो. आपल्याकडे चित्रपटगृहाला मुख्यतः आदेश मिळाला. चित्रनगरी गोरेगावला झाली, कोल्हापूरला झाली. निर्मितीचा पैसा तेथे फिरला. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील प्रेक्षक कर भरणारा म्हणून या व्यवस्थेत होता, चित्रपट पाहणारा म्हणून तिच्या विचारात नव्हता. पदव्युत्तर वर्गात ‘साहित्य आणि चित्रपट’ शिकवताना मला हे दरवर्षी जाणवते. ज्या चित्रपटांना श्रेणी आणि पारितोषिके मिळाली, त्यांची नावे विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती पाठ असतात. त्यांतला एखादा त्यांनी आपल्या गावातल्या पडद्यावर पाहिलेला असणे हा अपवाद ठरतो.

गांधीजींच्या उत्तराकडे पुन्हा वळतो. चित्रपटाचा लाभ सिद्ध व्हावयाचा आहे, हे म्हणणे आपण आजवर एका नैतिक माणसाचा पूर्वग्रह म्हणून बाजूला ठेवले. त्याच्याकडे पुरावा मागणारा प्रश्न म्हणूनही पाहता येईल. लाभ कोणाला, कोणत्या निकषाने आणि तो कोणी ठरवला? परतावा, कर्ज आणि श्रेणी या तीन रीतींनी या प्रश्नाची तीन उत्तरे दिली. प्रेक्षकाची संख्या, संहितेचे वाचन आणि परीक्षकाचे मत ही ती उत्तरे. यांतील कोणतेही एक पुरेसे नाही. तिन्ही एकत्र आणण्याचे आणि त्यांची कारणे उघडपणे तपासण्याचे काम कोणत्याही शासकीय समितीचे नाही. ते समीक्षेचे आहे आणि ते आपण अद्याप हाती घेतलेले नाही.